भोर आणि अडारकर : आरोग्यविम्याच्या दोन वाटा

१९४३ साली महायुद्ध ऐन भरात होते आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. त्याच वर्षी दिल्लीच्या सरकारने एकाच प्रश्नाचा विचार दोन वेगळ्या कचेऱ्यांत सुरू केला. मार्च महिन्यात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली गेली. दोन्ही आडनावे आपल्या कानाला ओळखीची आहेत. भोर तर जन्माने नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आणि सनदी सेवेतून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळापर्यंत पोहोचलेले. अडारकरांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये सादर झाला. भोर समितीचा चार खंडांचा अहवाल १९४६ साली आला. गरीब माणूस आजारी पडला तर त्याचा खर्च कोणी आणि कसा करायचा, हा दोघांपुढचा प्रश्न एकच होता. उत्तरे मात्र दोघांची अगदी निराळी होती. पुढच्या ऐंशी वर्षांत आपल्या देशात आरोग्याच्या क्षेत्रात जे जे बदल झाले, त्यांचा माग काढू लागले की या दोन अहवालांपाशी येऊन थांबावे लागते.

अडारकरांचे उत्तर मर्यादित आणि व्यवहारी होते. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज व धातू या तीन उद्योगांतील कामगारांच्या वेतनातून सक्तीची वर्गणी कापावी, मालकाने तिच्यात आपली भर घालावी आणि त्या निधीतून कामगाराला औषधोपचार व आजारपणात रोख साहाय्य मिळावे, असा तिचा आराखडा होता. त्या वेळी कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. या योजनेतूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिची प्रत्यक्ष सुरुवात झाली. प्रारंभी सुमारे एक लाख वीस हजार कामगार तिच्यात होते. योजना चांगली होती, आजही चालू आहे. परंतु जिचा पाया वेतनातील कपात हा आहे, तिच्यात ज्याचे वेतन कोठे नोंदलेलेच नाही तो शेतमजूर, विणकर, हमाल किंवा घरकाम करणारी बाई बसणार नाही, हे उघड होते. देशात बहुसंख्या तर त्यांचीच.

भोर समितीने या बहुसंख्येपासूनच विचाराला आरंभ केला. लोकांची वर्गणी भरण्याची ऐपत नसेल तर विम्याच्या पायावर सर्वांसाठी सेवा उभी राहू शकत नाही. म्हणून करांतून आलेल्या पैशातून, पगारी डॉक्टरांकडून, विनामूल्य आणि प्रामुख्याने खेड्यांसाठी ती उभारावी, असे तिचे म्हणणे होते. लगेच करावयाच्या आराखड्यात चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र होते. दूरच्या आराखड्यात दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे पंच्याहत्तर खाटांचे रुग्णालय होते. हा दुसरा आकडा आज वाचतानाही डोळे विस्फारतात. आजचा निकष सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र असा आहे, आणि त्यात खाटा असतात चार-सहा.

इंग्लंडमध्ये याच काळात काय घडत होते ते पाहिले म्हणजे या दोन अहवालांतील अंतर स्पष्ट होते. तेथे १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी कामगारांचा वर्गणीदार विमा आणला होता. त्यात कामगाराला डॉक्टर मिळे, त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळत नसे. १९४२ चा बेव्हरिज अहवाल आणि १९४८ ची राष्ट्रीय आरोग्य सेवा या मार्गाने इंग्लंड विम्याकडून सार्वत्रिक सेवेकडे गेले. म्हणजे ते अडारकरांच्या वाटेने निघून भोरांच्या वाटेला लागले. आपण मात्र एकाच वेळी दोन्ही वाटांनी निघालो आणि दोहोंपैकी एकीवरही पुरेसा पैसा खर्च केला नाही.

भोरांच्या वाटेचे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. इमारती झाल्या, फलक लागले. डॉक्टर कधी होते, कधी नव्हते. देवीचे उच्चाटन, हिवतापाविरुद्धची मोहीम, लसीकरण आणि कुटुंबनियोजन ही कामे या यंत्रणेने केली आणि ती लहान नव्हती. पण ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब यांसाठी रोजचा दवाखाना म्हणून लोकांनी तिचा स्वीकार केला नाही, कारण तेथे औषध मिळेल याची खात्री नसे. मोठ्या आजारासाठी माणूस शहराची वाट धरी. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड आणि उस्मानाबाद या पाचही जिल्ह्यांचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे मुसीकाठचे उस्मानिया. १९५६ साली राज्ये बदलली. नांदेड, देगलूर, बिलोलीकडच्या रुग्णांची हैदराबादची वाट काही बदलली नाही.

अडारकरांची वाट मध्यमवर्गाने पुढे नेली, पण तिच्यातील सक्ती आणि परस्परसाहाय्य हे दोन्ही मागे टाकून. १९७३ च्या १ जानेवारीपासून साधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणला. त्याच सुमारास प्राप्तिकराच्या ८० डी कलमाखाली हप्त्यावर सूट मिळू लागली. ज्याला कर भरावा लागतो त्याला सूट, ज्याला आजार नाही त्याला विमा, अशी ही व्यवस्था होती. आधीपासून असलेले दुखणे त्यात बसत नसे. विमा म्हणून त्यात वावगे काही नव्हते. घर पेटल्यावर कोणी आगीचा विमा उतरवून देत नाही. पण आरोग्य हे घरासारखे नसते. मधुमेही माणूस रोज थोडा थोडा पेटत असतो.

गरिबांसाठी म्हणून पहिला देशव्यापी प्रयत्न २००३ साली झाला. ‘सार्वत्रिक आरोग्य विमा’ हे तिचे नाव. एका व्यक्तीला दिवसाला एक रुपया, पाच जणांच्या कुटुंबाला दीड रुपया असा हप्ता आणि तीस हजार रुपयांचे संरक्षण. नाव सार्वत्रिक होते, प्रतिसाद फारच थोडा मिळाला आणि वर्षभरातच ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती उरली. दिवसाला एक रुपया ऐकायला थोडा वाटतो, परंतु तो रोज एक रुपया घ्यायला कोणी येत नाही. वर्षाचे तीनशे पासष्ट रुपये एकदम भरावे लागतात, तेही न आलेल्या आजारासाठी. त्याच वर्षी कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ‘यशस्विनी’ सुरू झाली आणि वार्षिक साठ रुपयांत शस्त्रक्रियांचे संरक्षण देऊ लागली. ती पुष्कळ अधिक टिकली, कारण वर्गणी गोळा करणारी सोसायटी गावात आधीच होती.

यानंतरचे प्रकरण मी जवळून पाहिले आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो.

संयुक्त आंध्र प्रदेशात २००७ पूर्वी गरीब कुटुंबातील मुलाच्या हृदयाला छिद्र निघाले किंवा कोणाला कर्करोग झाला तर एकच दार असे, ते मुख्यमंत्री साहाय्यता निधीचे. जिल्हा कचेरीत काम करताना असे अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत. रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, शिधापत्रिकेची प्रत आणि वर आमदाराचे शिफारसपत्र. शिफारसपत्र असेल तर फाइल लवकर हलत असे, यात आश्चर्य ते काय? मंजूर रक्कम अंदाजपत्रकापेक्षा कमी असे आणि ती येईपर्यंत कधी कधी रुग्णच उरत नसे. मुख्यमंत्री डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी हे स्वतः डॉक्टर होते. या अर्जांचा ढीग वाढत चालला आणि त्यातून विम्याची कल्पना पुढे आली. १ एप्रिल २००७ रोजी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुळम या तीन मागास जिल्ह्यांत ‘राजीव आरोग्यश्री’ सुरू झाली. दीड लाखांचे संरक्षण, गरजेप्रमाणे आणखी पन्नास हजार, आणि हप्ता संपूर्णपणे सरकारचा. २००८ च्या मध्यापर्यंत ती सर्व राज्यभर पसरली आणि प्रारंभीच्या १६३ उपचारांची यादी नऊशेच्या पुढे गेली.

या योजनेने केलेला सर्वांत मोठा बदल वैद्यकीय नव्हता, प्रशासकीय होता, असे माझे मत आहे. जी गोष्ट काल कृपा होती ती हक्क झाली. आमदाराच्या पत्राची जागा शिधापत्रिकेने घेतली. रुग्णालयाच्या दारातच ‘आरोग्यमित्रा’चे टेबल असे, तो पांढरे कार्ड पाही, कागद भरी, संगणकावरून पूर्वमंजुरी घेई. पैसे रुग्णाच्या हातात येतच नसत, ते ठरलेल्या दराने थेट रुग्णालयाला जात. खासगी रुग्णालयांनी खेडोपाडी तपासणी शिबिरे भरवायची आणि तेथून रुग्ण आणायचे, अशी अट होती. ज्या बाईने आयुष्यात जिल्ह्याचे ठिकाण पाहिले नव्हते ती हैदराबादच्या वातानुकूलित खोलीत हृदयाची शस्त्रक्रिया करून घरी परतली. मते मिळाली ती उगीच नव्हेत.

अर्थात पांढऱ्या कार्डाला भाव आला. पूर्वी ते तांदळाचे कार्ड होते. आता ते जीव वाचवण्याचे कार्ड झाले, आणि ज्यांनी रेशनचा तांदूळ कधी घरी आणला नव्हता तेही त्यासाठी अर्ज करू लागले. राज्यातील सुमारे ऐंशी टक्के लोकसंख्या त्यामुळे ‘गरीब’ ठरली. महसूल खात्याच्या नजरेने पाहिले तर हा घोटाळा होता. आरोग्याच्या नजरेने पाहिले तर मागच्या दाराने झालेले सार्वत्रिकीकरण होते. मी त्या वेळी पहिल्या बाजूचा होतो, नोकरीच तशी होती. आजही खोट्या दाखल्याचे समर्थन मी करणार नाही, परंतु हृदयविकाराचा खर्च पेलण्याची ऐपत ऐंशी टक्के लोकांची नव्हतीच, ही गोष्ट काही खोटी नव्हती.

आता परिणामांकडे वळू. आंध्रमधील पहिल्या टप्प्याच्या अभ्यासात असे दिसले की, रुग्णालयात दाखल होण्यावर कुटुंबाच्या खिशातून होणारा खर्च कमी झाला. दाखल न होता घेतलेल्या उपचारांवरचा खर्च त्यापेक्षा कमी प्रमाणात घटला. याहून ठळक पुरावा शेजारच्या कर्नाटकातून आला. तेथे याच नमुन्यावर २०१० साली वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू झाली, ती आधी उत्तरेत, गुलबर्गा व बेळगाव विभागांत. दक्षिणेत ती पुढे जायची होती. त्यामुळे मधल्या सीमेवर अलीकडची गावे योजनेत आणि पलीकडची बाहेर अशी स्थिती काही काळ राहिली. अभ्यासकांनी नेमकी हीच गावे निवडली. योजनेतील आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू अलीकडच्या गावांत पलीकडच्यांपेक्षा पुष्कळ कमी आढळले आणि रुग्णालयाचा खिशातील खर्च सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. विम्याने काहीच साधले नाही असे म्हणणाऱ्यांनी ते वाचावेत.

पण केंद्र सरकारने २००८ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेचा अनुभव वेगळा होता. ही योजना कामगार मंत्रालयाची होती. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबाला तीस हजारांचे संरक्षण होते आणि नोंदणीला तीस रुपये पडत. जुने आजारही समाविष्ट होते आणि वयाची अट नव्हती, म्हणजे मेडिक्लेमच्या दोन मोठ्या उणिवा तिने दूर केल्या होत्या. शिखरावर असताना सुमारे चार कोटी कुटुंबांकडे तिचे कार्ड होते. तरीही पुढील काळातील अभ्यासांत कुटुंबांच्या खिशातील खर्चात म्हणण्याजोगी घट दिसली नाही. याचे कारण तीस हजारांच्या मर्यादेत जितके आहे तितकेच आजाराच्या स्वरूपातही आहे. आपल्याकडे कुटुंबाचा आरोग्यावरचा खर्च मोठ्या प्रमाणात औषधांवर, तपासण्यांवर आणि डॉक्टरच्या फीवर होतो. तो दर महिन्याला होतो. खाटेवर पडल्याशिवाय विम्याचे दार उघडत नाही, आणि मधुमेहाची गोळी खाटेवर पडून घेतली जात नाही.

दार खाटेपाशीच उघडते म्हटल्यावर काही ठिकाणी माणसाला खाटेवर पाडण्याचीही व्यवस्था झाली. बिहार आणि छत्तीसगड या राज्यांत २०१२ च्या सुमारास गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रियांची प्रकरणे उघड झाली. गरीब, अनेकदा तरुण स्त्रिया आणि विम्याचे कार्ड. आंध्रमध्येही अशाच तक्रारींनंतर ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांपुरती राखून ठेवावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली या विषयावर सर्व राज्यांना मार्गदर्शक सूचनांच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम मिळते, मग शस्त्रक्रिया वाढतात. पगारी डॉक्टरला हा मोह नसतो. भोर समितीने डॉक्टर पगारी असावेत यावर भर दिला होता, तो यासाठीही आठवतो.

२०११ साली योजना आयोगाने नेमलेल्या उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाचा अहवाल आला. अध्यक्ष डॉ. के. श्रीनाथ रेड्डी आमच्या हैदराबादच्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. विमा कंपन्यांना मध्यस्थ करू नका, करांतून पैसा उभारा, सार्वजनिक खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत न्या आणि आवश्यक औषधे मोफत द्या, असे या गटाने सांगितले. पासष्ट वर्षांनंतर भोर पुन्हा बोलू लागले असेच वाटावे. त्या वर्षी २ ऑक्टोबरपासून राजस्थानने सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू केली; तामिळनाडूने तर १९९४ सालीच सरकारी औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले होते. परंतु कार्ड वाटताना छायाचित्र निघते, गोळ्यांच्या पाकिटाचे निघत नाही. महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तिचाही नमुना आंध्रचाच होता. पुढे ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गोव्याने २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली आणि तिच्यात गरिबीची अटच ठेवली नाही. पाच वर्षांचा रहिवास पुरे. माझ्या मते हा गोव्याचा मोठा शहाणपणा. कोण गरीब आणि कोण नाही हे ठरवण्यात सरकारी यंत्रणेची जी शक्ती आणि अब्रू खर्ची पडते ती तेथे वाचली.

शेवटी २०१८ साली हे सर्व प्रवाह ‘आयुष्मान भारत’मध्ये आले. २३ सप्टेंबर रोजी रांची येथून प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर मर्यादा नाही, आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या आधारे १० कोटी ७४ लाख कुटुंबे पात्र. तीस हजारांवरून पाच लाखांवर जाणे ही झेप मोठी होती. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिच्यात घेण्यात आले.

व्याप्ती किती वाढली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये ज्या कुटुंबांतील एका तरी व्यक्तीला आरोग्यविम्याचे संरक्षण होते, अशी कुटुंबे सुमारे पाच टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती २९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ४१ टक्के झाली. आंध्र-तेलंगणात २०१५-१६ मध्येच हे प्रमाण याच्या कितीतरी पुढे होते. पण राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ मध्ये माणसे मोजली तेव्हा ग्रामीण भागात १४ आणि शहरात १९ टक्केच संरक्षित निघाली. एकीने कुटुंबे मोजली, दुसरीने माणसे, हा फरक आहेच. शिवाय आपले नाव यादीत आहे हे ज्याला ठाऊक नाही तो ‘नाही’ असेच उत्तर देणार. माहीत नसलेला विमा कागदावर संरक्षण असतो, रात्री दोन वाजता रिक्षात बसलेल्या माणसाच्या उपयोगाचा नसतो. त्याच नमुना पाहणीत सरकारी रुग्णालयातील एका वेळच्या मुक्कामाचा सरासरी खर्च चार-पाच हजारांच्या घरात होता, खासगीत ग्रामीण रुग्णाला सुमारे सत्तावीस हजार आणि शहरी रुग्णाला सुमारे एकोणचाळीस हजार.

आणि खर्च? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २००४-०५ मध्ये ६९ टक्के होता, २०१३-१४ मध्ये ६४ आणि २०२१-२२ मध्ये ३९. ही घट दिलासा देणारी आहे, पण ती सारी विम्याच्या नावावर जमा करता येणार नाही. त्या अखेरच्या वर्षी करोनामुळे सरकारी खर्च आणि लसीकरण वाढले होते, आणि खिशातील खर्चाचे आकडे मुख्यतः २०१७-१८ च्या पाहणीवरूनच पुढे काढलेले आहेत. वाटा कमी होणे म्हणजे रुपये कमी होणे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. छेद वाढला तरी वाटा कमी होतो. सार्वजनिक खर्च २०१३-१४ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के झाला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठरवले होते.

भाव खाली आणण्याचे काम विम्यापेक्षा कधी कधी साध्या सरकारी आदेशानेच अधिक केले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवण्याच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवण्यात आली. औषध लावलेल्या स्टेंटची किंमत लाखाच्या घरातून तीस हजारांच्या आत आली. कार्ड असलेल्याला आणि नसलेल्याला सारखाच फायदा. उलट योजनेच्या ठरीव दरांत परवडत नाही अशी रुग्णालयांची ओरड आणि सरकारकडे साचलेली थकबाकी हा खेळ वर्षानुवर्षे चालू आहे. तेलंगणात २०१९ आणि २०२५ या दोन्ही वर्षी खासगी रुग्णालयांनी थकबाकीसाठी आरोग्यश्रीचे रुग्ण घेणे काही काळ थांबवले. सरकारी रुग्णालय सरकारवर रुसून बसत नाही, हा त्याचा गुण आपण फारसा मोजत नाही. हिशेबाची दुसरी बाजू महालेखापरीक्षकांनी २०२३ साली दाखवली: जन आरोग्य योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेली होती, आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा लिहिलेला नऊचा आकडा. माहितीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हटले की कारकून काय करतो, हे ज्याने कचेरीत आयुष्य काढले त्याला सांगायला नको.

या दोन वाटांच्या मध्ये जो वर्ग उभा आहे त्याच्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण या अंकाचे बरेचसे वाचक त्यातलेच आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने देशातील सुमारे तीस टक्के, म्हणजे चाळीस कोटी लोकांना ‘हरवलेला मध्य’ म्हटले. गरिबांच्या यादीत नाही, पगारी विम्यात नाही आणि बाजारचा हप्ता झेपत नाही. त्यांच्यासाठी गेल्या दोन वर्षांत काही चांगले नियम झाले. पासष्टीनंतर नवा विमा न देण्याची मुभा २०२४ मध्ये गेली, जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीनवर आला, ज्येष्ठांचा हप्ता नियामकाच्या संमतीवाचून वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असे जानेवारी २०२५ मध्ये ठरले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हप्त्यावरचा अठरा टक्के कर गेला. मूळ हप्ता मात्र वयाबरोबर चढतच राहतो, आणि निवृत्तिवेतन त्या वेगाने चढत नाही.

सीमाभागातील वाचकांना २०२३ चा प्रसंग आठवत असेल. महाराष्ट्र शासनाने आपली फुले जन आरोग्य योजना सीमेवरील ८६५ गावांना लागू केली आणि कर्नाटक सरकारने तिला हरकत घेतली. आरोग्याचे कार्ड हे कोणत्या राज्याचे माणूस आपण, याचा दाखलाही होऊ शकते, हे त्यामुळे दिसले. बेळगावच्या खेड्यातला हृदयरोगी मिरज-कोल्हापूरला जातो तो वैद्यकीय कारणासाठी. त्याच्या खिशातल्या कार्डावर कोणते बोधचिन्ह असावे याचा वाद दोन राजधान्यांमध्ये चालतो.

आयुष्मान भारताला दोन अंगे आहेत, याचा पुष्कळांना विसर पडतो. पाच लाखांचे कार्ड हे दुसरे अंग. पहिले अंग दीड लाख आरोग्य व स्वास्थ्य केंद्रांचे आहे. जुन्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक केंद्रांत रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांची तपासणी व्हावी आणि औषधे मोफत मिळावीत, अशी ती योजना. त्यातले पहिले केंद्र कार्डाच्या पाच महिने आधी, १४ एप्रिल २०१८ रोजी, छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यात जांगला या गावी उघडले. त्याच महिन्यात हैदराबादच्या वस्त्यांमधून ‘बस्ती दवाखाने’ सुरू होऊ लागले, आणि पुढे त्यांच्याकडून पाठवलेल्या रक्ताची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत विनामूल्य होऊ लागली. फाटकापाशी आरोग्यमित्राचे टेबल नाही, पूर्वमंजुरी नाही, गरिबीचा दाखला नाही. सकाळी बायका रांगेत उभ्या असतात, हातात जुनी चिठ्ठी आणि रिकामे पाकीट. गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळतात की महिन्याच्या, की ‘साठा संपला, सोमवारी या’ असे उत्तर मिळते, यावर त्या महिन्याचा घरखर्च ठरतो.